माणसाच्या मापाचे यंत्र

शिंपी कपडा बेततो तो अंगाचे माप घेऊन. जोडा करावयाचा तर आधी पायाचे माप घेतात. यंत्राचेही तसेच आहे. चालवणाऱ्या माणसाच्या मापाचे नसेल, तर ते कितीही शक्तिमान असो, ऐन वेळी घात करते. हाताची पोच किंवा बोटांची शक्ती मोजणे त्या मानाने सोपे आहे. परंतु माणसाचे मन एका वेळी किती गोष्टींकडे लक्ष देऊ शकते, ते केव्हा थकते आणि थकल्यावर त्याच्याकडून काय निसटते, याचे माप कसे घ्यावे? हे अवघड माप घेण्यासाठी ज्या शास्त्रज्ञांनी आपली बुद्धी वेचली, त्यांत केनेथ क्रेक यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांना आयुष्य लाभले ते अवघे एकतीस वर्षांचे.

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो. या शहराला लागूनच लीथ नावाचे बंदर आहे. तेथे २९ मार्च १९१४ रोजी केनेथचा जन्म झाला. त्याचे वडील वकील होते. लहानपणापासून केनेथला दोन गोष्टींची विलक्षण ओढ होती. एक म्हणजे यंत्रे, आणि दुसरी म्हणजे विचार. खिशात मावतील एवढी चिमुकली वाफेची एंजिने तो आपल्या हातांनी घडवीत असे. ती फिरू लागली म्हणजे त्याच्या आनंदाला पारावार उरत नसे. तोच मुलगा पुढे एडिंबरो विद्यापीठात गेला आणि तेथे त्याने अभ्यासासाठी निवडला तो तत्त्वज्ञानाचा विषय! इ. स. १९३५ मध्ये तो पहिल्या वर्गात पदवीधर झाला. यंत्रांवर प्रेम करणारा हात आणि मनाचा वेध घेणारी बुद्धी, असा दुर्मीळ योग त्याच्या ठायी जुळून आला होता.

पुढच्याच वर्षी क्रेक संशोधनासाठी केंब्रिज येथील सेंट जॉन्स महाविद्यालयात दाखल झाले. तेथे फ्रेडरिक बार्टलेट हे प्रायोगिक मानसशास्त्राचे विख्यात प्राध्यापक होते. मनाचा अभ्यास केवळ चिंतनाने न करता प्रयोगाने करावा, अशी त्यांची शिस्त होती. असा गुरू लाभल्यावर क्रेक यांच्या बुद्धीला धुमारे फुटले. प्रयोगासाठी लागणारी उपकरणे ते स्वतःच तयार करीत. उजेडातून काळोखात गेल्यावर मनुष्याचे डोळे हळूहळू कसे सरावतात, याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला आणि दृष्टीवरील या संशोधनाबद्दल १९४० मध्ये त्यांना डॉक्टर ही पदवी मिळाली.

तोवर दुसऱ्या महायुद्धाचा वणवा पेटला होता. इंग्लंडचे तरुण वैमानिक दिवसरात्र आकाशात झुंजत होते. विमाने वेगवान होती, वैमानिक धाडसी आणि कसलेले होते, तरीही विमानात कसलाही बिघाड नसताना चुका घडत आणि मोलाचे प्राण जात. एवढ्या कुशल माणसाच्या हातून चूक का व्हावी? त्याचे कारण शोधणे आवश्यक होते. परंतु थकलेल्या वैमानिकाला मुद्दाम आकाशात धाडून त्याच्या चुका मोजणे म्हणजे त्याच्या प्राणांशी खेळ. मग हा शोध घ्यावा कसा?

येथे क्रेक यांच्या हातातील कारागिरी उपयोगी पडली. त्यांनी प्रयोगशाळेच्या जमिनीवरच एक नकली विमान सिद्ध केले. त्याला पंख नव्हते, की ते जागचे हलत नव्हते. त्यात होता तो फक्त स्पिटफायर या लढाऊ विमानासारखा वैमानिकाचा कक्ष. वैमानिकाने आत बसून दांडा ओढला, की उंची दाखवणारा काटा सरके. पायपट्टी दाबली, की दिशादर्शक फिरे. समोरच्या तबकड्या खऱ्या उड्डाणात जशा हलतात, तशाच येथेही हलत. वैमानिकाने घेतलेल्या प्रत्येक हालचालीची नोंद मात्र बाहेर आपोआप होत राही. हा कक्ष पुढे ‘केंब्रिज कॉकपिट’ या नावाने प्रसिद्ध झाला.

या कक्षात क्रेक यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वैमानिकांना तासन्‌तास बसवून प्रयोग केले, आणि कोणाच्या कल्पनेत नव्हती अशी गोष्ट उघडकीस आली. थकलेला मनुष्य संथ होतो, त्याच्या हातातील जोर कमी होतो, अशी सर्वांची समजूत होती. येथे जोर कमी झाला नव्हता. विस्कटली होती ती कामातील संगती. ताज्या मनाचा वैमानिक सगळ्या तबकड्या मिळून एकच चित्र पाहत असे. थकल्यावर त्याच चित्राचे तुकडे होत. वेग सावरताना उंचीचे भान सुटे, उंची सावरताना दिशा चुके. अगदी समोरच्या काट्यांवर नजर खिळून राही आणि बाजूला असलेला इंधनाचा काटा पार विस्मरणात जाई. लक्षाचा झोत जणू आक्रसत चालला होता.

त्याहून भयंकर गोष्ट म्हणजे, हे त्या वैमानिकाला स्वतःला कळत नसे. आपण पूर्वीइतकेच उत्तम काम करीत आहोत, असे त्याला मनापासून वाटे. आणखी एक गोष्ट अशी, की उड्डाण संपत आले असे वाटताच मनाचा ताण सैल पडे आणि नेमक्या त्याच वेळी चुकांची संख्या एकदम वाढे. प्रत्यक्षात ती वेळ विमान भूमीवर उतरवण्याची, म्हणजे सर्वांत अधिक सावधगिरीची!

या प्रयोगांतून मोठा बोध मिळाला. इंधनाचा काटा विसरणारा वैमानिक आळशी नव्हता, की बेफिकीर नव्हता. मनुष्याच्या लक्षाला स्वभावतःच मर्यादा आहे, आणि कितीही शिक्षा केली, कितीही उपदेश केला, तरी ती मर्यादा पुसता येत नाही. माणूस बदलता येत नसेल, तर यंत्राची मांडणी बदलावी. महत्त्वाचा काटा सहज दिसेल अशा जागी असावा, खुणा चटकन वाचता याव्यात आणि थकण्यापूर्वी माणसाला विसावा मिळावा. चूक कोणाची हे विचारण्याआधी ती कशामुळे झाली हे विचारावे, ही दृष्टी येथून बळावत गेली.

क्रेक यांचे कार्य एवढ्यावर थांबले नाही. हलत्या लक्ष्यावर तोफ रोखून धरणारा मनुष्य नेमके काय करतो, याचाही त्यांनी शोध घेतला. पाहणाऱ्याला वाटते, की त्याचा हात लक्ष्यामागे अखंड सरकत आहे. क्रेक यांनी दाखवून दिले, की तसे नाही. मनुष्य चूक पाहतो, ती सुधारतो आणि मग पुन्हा पाहतो. सुमारे अर्ध्या सेकंदाच्या अंतराने या सुधारणा तुटक तुटक होत असतात. त्याहून वेगाने उत्तर मागणारे यंत्र माणसाच्या शक्तीबाहेरचे काम मागत असते.

इ. स. १९४३ मध्ये त्यांनी एक छोटेखानी ग्रंथ प्रसिद्ध केला. समुद्राची भरती-ओहोटी आधीच सांगणारे एक यंत्र लॉर्ड केल्व्हिन यांनी तयार केले होते. त्यात समुद्र नव्हता, होती ती केवळ चाके आणि कप्प्या. तरीही ते भरतीची वेळ अचूक सांगे. मनुष्याचे मनही असेच बाहेरच्या जगाची एक लहानशी प्रतिकृती आपल्या आत बाळगते आणि कृती करण्यापूर्वी तिच्यावर परिणाम पडताळून पाहते, असा विचार क्रेक यांनी त्या ग्रंथात मांडला. खिशात एंजिने बाळगणाऱ्या मुलाला शोभेल असाच हा विचार होता. पुढे बुद्धीची कामे करणारी यंत्रे घडवणाऱ्या शास्त्रज्ञांना तो मार्गदर्शक ठरला.

इ. स. १९४४ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने केंब्रिज येथे उपयोजित मानसशास्त्राचा एक स्वतंत्र विभाग स्थापन केला आणि त्याचे पहिले संचालकपद तीस वर्षांच्या क्रेक यांच्याकडे सोपवले. परंतु दैवाला ते मानवले नाही. ७ मे १९४५ रोजी केंब्रिजच्या किंग्ज परेड या रस्त्यावरून सायकलीने जात असता मोटारीच्या अपघातात ते सापडले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. दुसऱ्या दिवशी युरोपातील युद्धसमाप्तीचा जल्लोष सर्वत्र चालला होता. ज्याने असंख्य वैमानिकांचे प्राण वाचावेत म्हणून जिवाचे रान केले, तो मात्र तो दिवस पाहावयास उरला नव्हता.

गुरू बार्टलेट यांनी आपल्या शिष्याच्या विभागाची धुरा स्वतः उचलली. रडारच्या पडद्यावर पहारा देणाऱ्याचे लक्ष अर्ध्या तासानंतर उणावू लागते, हे त्याच विभागातील नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी सिद्ध केले. मनुष्य एका वेळी किती गोष्टी ऐकू शकतो, याचे विवेचन डोनल्ड ब्रॉडबेंट यांनी १९५८ मध्ये केले. क्रेक यांनी लावलेले रोपटे असे वाढत गेले.

आज घरोघरी यंत्रे आली आहेत. मोटारीच्या तबकड्या, रुग्णालयातील उपकरणे, हातातील दूरध्वनी, ही सारी माणसाच्या लक्षावर हक्क सांगत असतात. एखादे यंत्र वापरताना मनुष्य गोंधळला, तर दोष त्याच्याच माथी मारण्याची सवय अजून गेलेली नाही. अशा वेळी केंब्रिजच्या त्या पंख नसलेल्या विमानाचे स्मरण ठेवावे. यंत्रावर मनापासून प्रेम करणाऱ्या क्रेक यांनी ते घडवले, ते माणसाला समजून घेण्यासाठी.