इंदिरा संत : दहा वर्षांचा संसार, जन्मभराचा सहवास

गणपतीच्या दिवसांत मंडळात तीन-चार पिढ्या एकत्र बसतात. आरती झाली, प्रसाद वाटला, की जुन्या गोष्टी निघतात आणि फिरून फिरून कुणाच्या तरी लग्नावर येतात. आपल्यापैकी ज्यांचे मूळ बेळगाव-निपाणीकडचे आहे, त्यांच्या घरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या लग्नांच्या आठवणी हमखास असतात. साखर मिळत नाही म्हणून गुळावर भागवलेली पंगत, रॉकेलच्या टंचाईमुळे दिवसाउजेडीच उरकलेला समारंभ, कोळशाच्या गॅसवर धापा टाकत घाट चढणारी वऱ्हाडाची मोटार. 1943 साली कापडावर सरकारी नियंत्रण आले आणि बस्ता बांधणे ही मोठीच कसरत झाली. बेळगावला मराठा पलटणीचे केंद्र असल्याने सुट्टीवर आलेल्या शिपायाची सुपारी फोडून घाईघाईने अक्षता टाकण्याचे प्रसंगही खेडोपाडी घडत.

लग्न कसे लागले हे आपण आवडीने सांगतो. त्यानंतरच्या संसाराबद्दल मात्र फारसे बोलत नाही. त्या काळातला असाच एक संसार आज आठवावासा वाटतो. तो आहे बेळगावच्या कवयित्री इंदिरा संत यांचा.

इंदिराबाई माहेरच्या दीक्षित. जन्म 4 जानेवारी 1914 चा, विजापूर जिल्ह्यातल्या इंडीचा. पण मूळ गाव तवंदी. निपाणीहून बेळगावकडे निघाले की घाटापाशी लागते तेच हे गाव. या सीमाभागात घरात मराठी, बाजारात कानडी आणि बोलण्यात दोन्हींची सरमिसळ. जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी, हळदीची आणि पाठवणीची गाणी यांचे संस्कार त्यांच्यावर झाले ते याच मातीत. पुढे उतारवयात त्यांनी अनाम बायकांच्या ओव्यांवर ‘मालनगाथा’ लिहिली, त्याचे मूळ इथे सापडते.

मुलींचे लग्नाचे वय किमान चौदा असावे असे सांगणारा सारडा कायदा 1930 साली अंमलात आला, तेव्हा इंदिराबाई सोळा वर्षांच्या होत्या. त्या वयाच्या बहुतेक मुली सासरी नांदत असत किंवा घरात स्थळे पाहणे चालू असे. त्या मात्र शिकत राहिल्या. कोल्हापूर आणि पुणे इथे त्यांचे पदवीपर्यंतचे शिक्षण झाले. शिक्षकी पेशाच्या पदव्याही त्यांनी मिळवल्या. पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात शिकत असताना त्यांची नारायण संत यांच्याशी ओळख झाली. साहित्यात ना. मा. संत या नावाने ओळखले जाणारे ते हेच. दोघांनाही कवितेची ओढ होती. पत्रिका, देणेघेणे आणि मानपान यांवर सोयरीक ठरण्याच्या त्या दिवसांत या दोघांनी एकमेकांना आधी माणूस म्हणून ओळखले आणि मग लग्न केले. छोट्या गावांतून आलेल्या त्या पिढीला हे सोपे नव्हते. मुलीने आपला जोडीदार आपण निवडणे ही तेव्हा घराण्याच्या चर्चेचा विषय होणारी गोष्ट होती.

लग्नानंतर संसार मांडला तो बेळगावात. ना. मा. संत अध्यापन करत आणि लघुनिबंध लिहीत. ‘उघडे लिफाफे’ हे त्यांचे पुस्तक लघुनिबंधाच्या जाणकारांना ठाऊक आहे. युद्धाच्या सुरुवातीच्या काळात नवरा-बायको दोघांच्या कवितांचा एकत्रित संग्रह निघाला. त्याचे नाव ‘सहवास’. एका मुखपृष्ठाखाली पती-पत्नींच्या कविता, आणि त्यात कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. लग्नपत्रिकेत वधूचे नाव वडिलांच्या आणि सासऱ्यांच्या नावांच्या गर्दीत शोधावे लागे, त्या काळात हे पुस्तक निघाले, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते.

घरात तीन मुले झाली. बाहेर महागाई होती, टंचाई होती, पण घरात पुस्तके आणि कविता होत्या. युद्ध 1945 साली संपले. त्यानंतरचे 1946 हे साल बेळगावच्या मराठी माणसाला वेगळ्या कारणाने आठवते. ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन बेळगावात भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथेच झाला. इंदिराबाईंच्या आयुष्यात मात्र त्याच साली अंधार पसरला. ना. मा. संत गेले. लग्नाला जेमतेम दहा वर्षे झाली होती. इंदिराबाई बत्तीस वर्षांच्या होत्या.

त्या काळी नवरा गेलेल्या बाईचे काय होई, हे आपल्या घरांतल्या जुन्या बायकांना वेगळे सांगायला नको. हळदीकुंकवाला बोलावणे बंद. मांडवात मागे बसायचे, वधूची ओटी भरायला पुढे व्हायचे नाही. ज्या लग्नघरात काल गाणी म्हटली, त्याच लग्नघरात आज तोंड लपवायचे. तीन लहान मुले, नोकरी आणि हे सगळे, अशा परिस्थितीत इंदिराबाईंनी बेळगाव सोडले नाही. स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी आधी अध्यापिका म्हणून काम केले आणि पुढे त्या तिथे प्राचार्या झाल्या. गावोगावच्या प्राथमिक शाळांसाठी शिक्षिका तयार करण्याचे हे काम. त्यांच्या हाताखालून गेलेल्या कितीतरी मुली स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या.

आणि कविता? ती थांबली नाही. 1951 साली त्यांचा ‘शेला’ हा संग्रह आला. मग 1955 साली ‘मेंदी’, 1957 साली ‘मृगजळ’, 1964 साली ‘रंगबावरी’, 1972 साली ‘बाहुल्या’. या नावांकडे जरा थांबून पाहावे. शेला म्हणजे वधूवरांची गाठ बांधायचे वस्त्र. मेंदी नवरीच्या हातावरची. बाहुल्यांची लग्ने तर आपण सगळ्यांनीच लहानपणी लावलेली. ज्या मंगल वस्तूंपासून समाज विधवेला दूर ठेवत होता, त्याच वस्तूंची नावे या बाईने आपल्या पुस्तकांना दिली. त्यासाठी भाषण केले नाही की गाऱ्हाणे मांडले नाही. गेलेल्या माणसाची ओढ, त्याच्यावाचूनचा एकटेपणा, मधूनच येणारा राग, पाऊस आणि गवतफुले यांच्याशी चाललेला मूक संवाद, हे सगळे त्यांनी अगदी साध्या, घरगुती शब्दांत लिहिले. विरह हा विषय मराठी कवितेला नवा नव्हता. पण संसार मोडल्यावरही त्यातले नाते चालूच राहते, हे घरात वावरणाऱ्या बाईच्या तोंडून इतक्या खरेपणाने क्वचितच आले होते.

1956 साली राज्यपुनर्रचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. इंदिराबाई तिथेच राहिल्या आणि मराठीत लिहीत राहिल्या. ‘गर्भरेशीम’ या 1982 सालच्या संग्रहाला 1984 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 1995 साली कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार लाभला. त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत यांनी लंपनच्या कथांतून त्या परिसराचे कानडी हेल असलेले मराठी साऱ्या महाराष्ट्राच्या घरात नेले. 13 जुलै 2000 रोजी इंदिराबाईंनी पुण्यात अखेरचा श्वास घेतला. पती गेल्यानंतर चोपन्न वर्षे त्या जगल्या. त्यांच्यासोबतची होती ती अवघी दहा.

आज आपल्या घरांतली लग्ने मोठ्या हॉलमध्ये होतात, व्हिडिओ निघतात, अल्बम छापले जातात. हौस असावी, त्यात गैर काही नाही. पण या गणपतीत घरातल्या थोरामोठ्यांजवळ बसाल, तेव्हा त्यांना पंगतीत काय वाढले होते एवढेच विचारू नका. मांडव उतरल्यावरचे दिवस कसे गेले, कुणी कुणाला कसे सांभाळले, आणि जोडीदार गेल्यावर त्या आजीने घर कसे चालवले, हेही विचारा. मांडवात मागे बसलेली एखादी आत्या किंवा काकू असेल, तर तिला हाताला धरून पुढे आणा आणि ओटी भरायचा मान तिला द्या. इंदिराबाईंच्या कविता ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना हे सांगावे लागणार नाही.