नामदार गोखले : अंकगणिताचे शिक्षक

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव घेतले की विधिमंडळातील अभ्यासपूर्ण भाषणे, भारत सेवक समाज आणि महात्मा गांधींनी ज्यांना राजकीय गुरू मानले ते सौम्य व्यक्तिमत्त्व डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु राजकारणात येण्यापूर्वी गोखले शिक्षक होते आणि अंकगणित हा त्यांच्या अध्यापनाचा एक विषय होता. अपूर्णांक, गुणोत्तर व शेकडेवारी यांचे जे पाठ वर्गात दिले जातात, तेच त्यांनी पुढे राष्ट्राच्या जमाखर्चास लावून दाखविले.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. १८७९ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा गोपाळ अवघा तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतील ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावास पाठवू लागले. निम्म्याहून अधिक वेतन एकाच्या शिक्षणासाठी आणि उरलेल्या ७ रुपयांत घरचा सारा निर्वाह! पुढे महाविद्यालयाच्या खर्चासाठी वहिनींनी अंगावरचे दागिने विकले. या त्यागाची जाणीव गोखल्यांनी जन्मभर बाळगली. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गणित विषय घेऊन ते बी. ए. झाले.

त्यांच्या बालपणाची एक आख्यायिका सर्वश्रुत आहे. घरी सोडवावयास दिलेली उदाहरणे एकट्या गोपाळची बरोबर आली म्हणून गुरुजींनी त्याची प्रशंसा केली. परंतु त्यांतील एक उदाहरण दुसऱ्याच्या साहाय्याने सोडविले होते, म्हणून मुलाला रडू कोसळले. उत्तर बरोबर येणे आणि हिशेब खरा असणे यांतील भेद या कथेतून मुलांच्या मनावर ठसतो, म्हणूनच ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

१८८५ च्या आरंभी गोखले पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दरमहा ३५ रुपयांवर शिक्षक झाले. टिळक आणि आगरकर हे तेथील त्यांचे ज्येष्ठ सहकारी होते. त्या काळी मराठी मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी व अडीचकी लहानपणीच मुखोद्गत करीत. सोळा आण्यांचा रुपया, बारा पईंचा आणा आणि चाळीस शेरांचा मण अशी मापे असल्यामुळे अपूर्णांकांवाचून बाजारहाटही होत नसे. मात्र पाठांतराने उत्तर चटकन मिळे, त्यामागील रीत समजेलच असे नव्हते. इंग्रजी शाळांतील विद्यार्थ्यांस ती रीत समजावी, यासाठी क्रमवार पाठ्यपुस्तकाची आवश्यकता होती. आपले सहकारी बापट यांच्या साहाय्याने गोखल्यांनी अंकगणिताचे पुस्तक सिद्ध केले. ते देशभरच्या शाळांत पोहोचले, अनेक देशी भाषांत त्याची रूपांतरे झाली, आणि महाराष्ट्राबाहेरील असंख्य मुलांस गोखल्यांची पहिली ओळख त्रैराशिकाच्या उदाहरणांतूनच झाली.

फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणिताखेरीज इंग्रजी, इतिहास व अर्थशास्त्रही शिकविले आणि १९०२ साली ते निवृत्त झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी केंद्रीय विधिमंडळात अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. खजिन्यात वर्षानुवर्षे शिल्लक पडते, ती देशाच्या समृद्धीचे लक्षण नसून कर गरजेपेक्षा अधिक असल्याचे चिन्ह आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून सिद्ध केले. मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. मीठ श्रीमंताला आणि मजुराला सारखेच लागते. परंतु तोच कर एकाच्या उत्पन्नाचा नगण्य अंश असतो, तर दुसऱ्याच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा गिळतो. हा कर १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला, म्हणजेच शेकडा ६० ने उतरला. गोरगरिबांच्या घरापर्यंत पोहोचलेले हे शेकडेवारीचे उदाहरण होय.

मार्च १९१० मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा ठराव मांडला. अमेरिकेत लोकसंख्येच्या शेकडा २१, जपानमध्ये ११, आणि ब्रिटिश हिंदुस्थानात केवळ १.९ एवढी मुले प्राथमिक शाळेत होती. हजार माणसांमागे अमेरिकेत २१० विद्यार्थी, तर येथे १९! बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ सालीच सक्तीचे शिक्षण सुरू केले होते. तेव्हा ही गोष्ट या भूमीत अशक्य आहे, असे म्हणण्यास जागा नव्हती. १९११ साली गोखल्यांनी विधेयक आणले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांस शिक्षण सक्तीचे, दरमहा दहा रुपयांहून अधिक मिळकत नसलेल्या पालकांस फी माफ, आणि खर्चाचा एक तृतीयांश भार स्थानिक संस्थांवर व दोन तृतीयांश सरकारवर, अशी त्याची योजना होती. वर्गातील एकास दोन हे गुणोत्तर येथे कायद्याच्या मसुद्यात उतरले होते.

मार्च १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. काही हिंदी सभासदांनीही विरोधी मत दिले. गोखल्यांना हा निकाल अनपेक्षित नव्हता. आपल्या पिढीने अपयश सोसूनच पुढच्यांची वाट तयार करावयाची आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

१ एप्रिल २०१० रोजी सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क भारतात अमलात आला. गोखल्यांच्या ठरावास तेव्हा शंभर वर्षे झाली होती. एका भावाने आपल्या १५ रुपयांतील ८ रुपये दिले, म्हणून एक मुलगा शिकला. प्रत्येक मुलाच्या वाट्याला देशाच्या खजिन्यातून तसा हिस्सा यावा, यासाठी तो मुलगा मोठेपणी झगडला. आज फळ्यावर अपूर्णांक मांडताना अंश आणि छेद यांचा अर्थ मुलांना सांगावा लागतो. छेदाच्या जागी देशातील सारी मुले आणि अंशाच्या जागी शाळेत आलेली मुले मांडून पाहण्यास गोखल्यांनी शिकविले. ते दोन आकडे समान व्हावेत, एवढेच त्यांचे मागणे होते.