बर्फ वितळवून उष्णता मोजणारा लव्हाझिए

पौषातल्या रात्री म्हशाच्या जत्रेत घोंगडी पांघरून फिरला असाल, तर सांगा: ऊब घोंगडी देते का? नाही. ऊब तुमच्याच अंगातली. घोंगडी ती फक्त अडवते. पण अंगात ती येते कुठून, आणि किती? हे मोजायला आंत्वान लव्हाझिए बसला होता.

26 ऑगस्ट 1743 ला पॅरिसमध्ये जन्मलेला हा वकिलाचा मुलगा. शिकला कायदा, रमला रसायनशास्त्रात. 1768 मध्ये तो राजासाठी कर वसूल करणाऱ्या कंपनीत भागीदार झाला. त्या कमाईतून प्रयोगांचा खर्च निघू लागला. पत्नी मारी-आन नोंदी ठेवायची, उपकरणांची चित्रं काढायची.

1782-83 च्या हिवाळ्यात त्यानं गणितज्ञ लाप्लाससोबत बर्फाचा उष्णतामापक वापरला. सगळ्यात आत गिनीपिग, भोवती बर्फ, त्याबाहेर पुन्हा बर्फ. बाहेरच्या थरामुळे खोलीतली उष्णता आत शिरत नसे. 10 तासांत आतला सुमारे 13 औंस, म्हणजे 400 ग्रॅमच्या आसपास बर्फ वितळला. आता हिशोब तुम्हीच करा. 1 ग्रॅम बर्फ वितळायला 334 ज्यूल लागतात. उत्तर येतं जवळपास 134 किलोज्यूल. मग त्या प्राण्यानं सोडला तेवढाच कार्बन डायऑक्साइड देणारा कोळसा जाळला, तर किती बर्फ वितळेल, हे दोघांनी काढलं. आकडे तंतोतंत जुळले नाहीत, पण जवळ आले. श्वसन म्हणजे एक प्रकारचं मंद ज्वलनच, या त्याच्या म्हणण्याला त्यातून बळ मिळालं.

गंमत बघा, उष्णता हे एक मूलद्रव्य आहे असं तो मानायचा. ते चुकीचं ठरलं, मोजण्याची रीत मात्र टिकली. लॅबमध्ये थर्माकोलच्या कपात आम्ल आणि अल्कली मिसळून वस्तुमान, विशिष्ट उष्णता आणि तापमानातली वाढ यांचा गुणाकार करता ना? तत्त्व तेच: उष्णता निसटू द्यायची नाही, आणि मोजायची.

पुढे राज्यक्रांती झाली. करवसुली करणाऱ्यांवर लोकांचा राग होताच. नोव्हेंबर 1793 मध्ये त्याला अटक झाली. 8 मे 1794 ला सासऱ्यासह अनेक भागीदारांबरोबर त्याला गिलोटिनवर चढवलं. वय अवघं 50. ज्या पैशावर प्रयोग झाले, तोच पैसा जिवावर उठला. मागे राहिलेलं त्याचं लिखाण मारी-आननं छापून आणलं.