विश्लेषण : नव्या ग्रीसला चेहरे देणारे निकिफोरोस लित्रास कोण होते?

ग्रीस म्हटले की संगमरवरी पुतळे आठवतात. मात्र 1830 मध्ये स्वतंत्र झालेल्या ग्रीसमध्ये सरकारी कलाशाळा सुरू व्हायला 1837 उजाडले. तिथे शिकून पुढे तिथेच आयुष्यभर शिकवणारे चित्रकार म्हणजे निकिफोरोस लित्रास.

सुरुवात कुठे झाली?

लित्रास यांचा जन्म 1832 मध्ये तिनोस बेटावरील पिर्गोस गावात झाला. हे गाव संगमरवराच्या कारागिरांचे. त्यांचे वडीलही संगमरवरात कोरीव काम करत. 1850 मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी लित्रास अथेन्सच्या कलाशाळेत दाखल झाले. याच संस्थेतून पुढे ग्रीसचे अभियांत्रिकी विद्यापीठही उभे राहिले.

शिक्षणासाठी म्युनिकच का?

ग्रीसचे पहिले राजे ओटो हे बव्हेरियाचे राजपुत्र होते. त्यामुळे ग्रीक कलाकारांचा ओढा म्युनिककडे होता. लित्रासही 1860 मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर तिथे गेले आणि कार्ल फॉन पिलोटी यांच्याकडे शिकले. या अकॅडमिक शैलीत आधी अचूक रेखाटन, मग छायाप्रकाश आणि शेवटी रंग, असा क्रम असे. व्यक्तिचित्रात पार्श्वभूमी बहुधा गडद ठेवून प्रकाश चेहऱ्यावर आणि हातांवर आणला जाई.

शिष्यवृत्ती का थांबली?

1862 च्या उठावात ओटो यांना गादी सोडावी लागली आणि लित्रास यांची शिष्यवृत्तीही बंद पडली. शिक्षण अर्ध्यावर सुटण्याची वेळ आली होती. तेव्हा ग्रीसचे व्हिएन्नातील राजदूत बॅरन सिमोन सिनास यांनी खर्च उचलला.

परतल्यावर काय केले?

1866 मध्ये ते अथेन्सला परतले आणि त्याच कलाशाळेत प्राध्यापक झाले. ही नोकरी त्यांनी मृत्यूपर्यंत, म्हणजे 38 वर्षे केली. नव्या राजधानीतील प्रतिष्ठित कुटुंबांना आता स्वतःची चित्रे हवी होती. लित्रास यांनी ती काढली, पण सणाला दारोदार गाणारी मुलेही तितक्याच मनापासून रंगवली. आपण विद्यार्थी असताना कलाशाळेचे संचालक असलेले वास्तुविशारद लिसांद्रोस काफ्तान्झोग्लू यांचे व्यक्तिचित्र त्यांनी 1886 मध्ये केले.

त्यांचे महत्त्व काय?

लित्रास यांचे 1904 मध्ये 72 व्या वर्षी निधन झाले. रंगांतील विषारी द्रव्ये त्याला कारणीभूत ठरली, असे मानले जाते. त्यांचे विद्यार्थी जॉर्जिओस याकोविदिस म्युनिकला शिकून परतले, ग्रीसच्या राष्ट्रीय कलादालनाची घडी त्यांनी बसवली आणि पुढे याच कलाशाळेत शिकवले. एका तरुणाचे शिक्षण ऐन वेळी वाचले, त्याचा लाभ असा पुढच्या पिढीलाही झाला.