लिली पार हिचे चरित्र

ज्युबिलीच्या पुस्तिकेत संतांची व मिशनरी धर्मगुरूंची चरित्रे असावीत, ही अपेक्षा रास्तच आहे. आणि ती पुढील पानांवर आहेतही. येथे आम्ही फुटबॉल खेळणाऱ्या एका बाईची हकीकत देत आहो. धर्मनिष्ठेचा नमुना म्हणून ती देत नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. तथापि पहूरच्या आपल्या मंडळीत मुलींनी मैदानात उतरावे की नाही, ह्याविषयी अधूनमधून जी कुजबूज चालते, ती ऐकूनच आम्ही हा विषय निवडला आहे.

इंग्लंडच्या वायव्येस लँकेशायर नावाचा परगणा आहे. अमेरिकेत १८६१ साली यादवी माजून तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा तेथील गिरण्यांनी आपल्या खान्देशाकडे धाव घेतली होती. म्हणून हे नाव आपणांस अगदीच परके नाही. ह्याच परगण्यातील प्रेस्टन शहराच्या नावाचा मूळ अर्थ धर्मगुरूंचे गाव असा आहे, व नगराच्या चिन्हावर संत विल्फ्रिडचे कोकरू आहे. धर्मछळाच्या काळातही कॅथलिक श्रद्धा ह्या भागात तग धरून राहिली.

पहिल्या महायुद्धात पुरुष रणांगणावर गेले आणि प्रेस्टनच्या डिक, कर ह्या ट्रामगाड्यांच्या कारखान्यात स्त्रिया दारूगोळा तयार करू लागल्या. सुटीच्या वेळात त्या आवारात चेंडू खेळत. त्यांतूनच एक संघ उभा राहिला, आणि १९१७ च्या नाताळच्या दिवशी डीपडेल मैदानावर जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी त्यांनी सामना केला. दहा हजार लोक जमले व सहाशे पौंडांहून अधिक रक्कम हाती आली. मौजेखातर सुरू झालेल्या खेळास येथून दानधर्माचे वळण लागले.

लिली ह्या वेळी बारा वर्षांची होती. तिचा जन्म २६ एप्रिल १९०५ रोजी सेंट हेलेन्स ह्या काचकारखान्यांच्या गावी झाला. बाप मजूर, भावंडे सात, घर भाड्याचे. शिवणकाम, स्वयंपाक ह्यांत तिचे मन रमेना. भावांबरोबर गल्लीत खेळून तिचा डावा पाय असा तयार झाला की पुढे मोठमोठे पुरुष गोलरक्षकही त्याला वचकत. १९२० च्या सुमारास, पंधरावे वर्ष लागते न लागते तोच, संघाचे चालक आल्फ्रेड फ्रँकलंड ह्यांनी तिला प्रेस्टनला आणले. दर सामन्यास दहा शिलिंग मिळत. सोबत विड्यांचे पाकीटही ती मागून घेई, असे सांगतात. हा भाग आमच्या मुलींनी गिरवू नये. पहिल्याच हंगामात तिने ४३ गोल केले.

२६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानात तिच्या संघाचा सामना पाहण्यास ५३ हजार माणसे आत होती आणि हजारो बाहेर ताटकळत राहिली. तीन हजार पौंडांहून अधिक उत्पन्न झाले. पुढील वर्षी कोळशाच्या खाणी बंद पडून खाणकामगारांची मुले उपाशी राहिली, तेव्हाही स्त्रियांच्या सामन्यांतून मदत गोळा झाली.

परंतु ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ स्त्रियांस मुळीच योग्य नाही, म्हणून संलग्न क्लबांनी आपली मैदाने त्यांस देऊ नयेत. खेळाने स्त्रीच्या शरीरास अपाय होतो, असे सांगणारे डॉक्टरही पुढे आले. शिवाय, जमलेला पैसा धर्मकार्यास पुरेसा पोहोचत नाही, असाही आरोप झाला. हिशेब मागणे योग्यच. देवळाच्या पेटीचाही हिशेब असावा. पण हिशेबात शंका असेल तर वही तपासावी. अर्ध्या मनुष्यजातीस मैदानाबाहेर काढण्याचे कारण काय, हे आम्हांस उमगत नाही. ज्या खेळाने इस्पितळे चालली त्यास अयोग्य ठरविताना त्या मंडळींनी लाभ घेणाऱ्या जखमी सैनिकांस एकदा विचारावयास हवे होते.

लिलीने खेळ सोडला नाही. मोठी मैदाने गेली तेव्हा संघ मिळेल त्या माळावर खेळला. १९२२ साली तो अमेरिकेस गेला. तेथे बायकांचे संघ नसल्याने पुरुषांच्या संघांशी सामने झाले, आणि त्यांतले काही ह्यांनी जिंकले. १९२६ पासून संघ प्रेस्टन लेडीज ह्या नावाने खेळू लागला.

चेंडूवर पोट भरत नव्हते. लिलीने परिचारिकेचे शिक्षण घेतले व प्रेस्टनजवळील व्हिटिंगहॅम येथील मनोरुग्णांच्या विशाल इस्पितळात नोकरी धरली. संघातील आणखीही काही जणी तेथेच होत्या. आप्तांनीही ज्यांकडे पाठ फिरविली, अशांस न्हाऊमाखू घालणे, भरविणे, रात्री जागणे हे काम तिने निवृत्त होईपर्यंत केले. वर्तमानपत्रांनी तिचे गोल मोजले, ह्या रात्री कोणी मोजल्या नाहीत. स्वभावाने ती फटकळ, पण विनोदी होती. १९४६ साली ती संघनायिका झाली, आणि पंचेचाळिशी उलटल्यावरच तिने खेळातून निवृत्ती घेतली. तिचे एकूण गोल नऊशेहून अधिक सांगितले जातात.

१९६७ मध्ये कर्करोगामुळे तिजवर शस्त्रक्रिया झाली. त्यांतून ती उठली. सुमारे पन्नास वर्षांनी बंदी उठली तीही तिने पाहिली. २४ मे १९७८ रोजी त्याच रोगाने तिचे देहावसान झाले. जन्मगावी, सेंट हेलेन्स येथे, तिला पुरले आहे. २००२ साली इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाने मानकऱ्यांत तिचे नाव घातले, व स्त्रियांत हा मान तिला प्रथम मिळाला. २०१९ साली मँचेस्टर येथील त्या संग्रहालयात तिचा पुतळा उभारण्यात आला. तो चेंडूसह खेळतानाचा आहे.