लहान मुलांमुळे घराबाहेर पडता येईना, बागेतल्या फुलांनीच दिली ओळख. कोण होत्या इमोजेन कनिंगहॅम?

अमेरिकेतील पोर्टलंडमध्ये १८८३ साली जन्मलेल्या इमोजेन यांनी रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि १९१० मध्ये सिएटलला पोर्ट्रेट स्टुडिओ उघडला. १९१७ मध्ये तो बंद करून त्या कुटुंबासह कॅलिफोर्नियाला गेल्या. त्याच वर्षी जुळी मुले झाली. तीन लहान मुले सांभाळताना कामासाठी बाहेर पडणे अवघड झाले. मग त्यांनी कॅमेरा घरच्या बागेकडे वळवला.

ब्लॅक अँड व्हाइटमध्ये फुलाचे काय उरते?
रंग गेला की नजर आकार, पाकळीचा पोत आणि सावलीवर थांबते. १९२५ च्या सुमारास टिपलेल्या ‘मॅग्नोलिया ब्लॉसम’मध्ये एकाच फुलाने पूर्ण फ्रेम व्यापली आहे. मधले केसरही सुटे मोजता येतील इतके स्पष्ट दिसतात.

पुढे काय झाले?
१९२९ मध्ये जर्मनीतील श्टुटगार्टच्या प्रदर्शनात त्यांचे फोटो लागले. १९३२ मध्ये अॅन्सेल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन यांच्यासह त्या ‘ग्रुप एफ/६४’ मध्ये होत्या. एफ/६४ म्हणजे लेन्सचे अगदी बारीक छिद्र. त्यामुळे जवळचे आणि लांबचे दोन्ही स्पष्ट येते.

१९७६ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अखेरच्या काळात त्या नव्वदीतल्या माणसांचे फोटो काढत होत्या.