राजाश्रय सरल्यानंतरचे गामा पहिलवान

नवी दिल्ली, २३ मे : लंडनमध्ये १९१० साली जॉन बुल पट्टा मिळवणारे आणि १९२८ मध्ये पतियाळा येथे पोलंडचे झिबिस्को यांना मिनिटभराच्या आत चीत करणारे गामा पहिलवान यांचे १९६० मध्ये आजच्याच दिवशी लाहोर येथे निधन झाले.

दतिया संस्थानाच्या आश्रयाने ते घडले. पुढे पतियाळाच्या महाराजांनी त्यांना पदरी ठेवले. खुराकापासून निर्वाहापर्यंतचा भार दरबार वाहत असे. फाळणीनंतर ते पाकिस्तानात राहिले. संस्थाने विलीन झाली आणि हा आधार तुटला. तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या घरात होते. अखेरच्या वर्षांत आजारपण व आर्थिक ओढाताण वाट्याला आली. उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांनी भारतातून त्यांना मदत पाठवली. आश्रयदात्यावर विसंबलेल्या मल्लाचे उत्तरायुष्य किती असुरक्षित असते, हे या अजिंक्य पहिलवानाच्या चरित्रातून दिसते.